आभाळापेक्षाही फिकट गॅलेक्सीचा रेडशिफ्ट मोजतात तरी कसा?

आर्वी तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आला आहे, बीएस्सी फायनलला आहे, फिजिक्स घेतलं आहे. खरं तं दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की सर, फिकट गॅलेक्सीचा उजेड रात्रीच्या आभाळाच्या उजेडापेक्षाही कमी असतो म्हणतात, मग त्यातून रेडशिफ्ट, म्हणजे तिच्या उजेडाची तरंगलांबी लालाकडे किती सरकली तो आकडा, काढतात कसा. अन् दुसरा, तिने एसडीएसएस, म्हणजे स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आभाळाच्या मोठ्या पाहणीच्या साइटवरून एका गॅलेक्सीचा स्पेक्ट्रम, म्हणजे तरंगलांबीनुसार उलगडलेला उजेड, डाउनलोड केला, ऑक्सिजनची लाईन स्वतः मोजली, तिचं उत्तर आलं ०.२४०३ अन् साइटवर आहे ०.२४००, तं चूक कुठं आहे. दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक जण एवढ्याशा फरकाकडे पाहतही नाहीत. माझं सगळं काम याच फेंट ऑब्जेक्ट स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे फिकट गोष्टींचे स्पेक्ट्रम मोजण्यात गेलं अन् गावही इकडचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेटा, पहिले आभाळाचं बोलू, गॅलेक्सीचं नंतर. अमावास्येच्या रात्री जागलीला वावरात बसलं अन् हात वर धरला तं हाताची आकृती आभाळावर काळी दिसते. म्हणजे आभाळ काळं नाही, हातापेक्षा उजळ आहे. चंद्र नाही, गावचा दिवा नाही, तरी उजेड आहे. तो येतो कुठून? थोडा तारे अन् सूर्यमालेतल्या धुळीवरून, पण बराचसा आपल्याच हवेतून. जमिनीपासून ९०-१०० किलोमीटरवर ऑक्सिजनचे अणू चमकत असतात, त्यांची ५५७७ अँगस्ट्रॉमची हिरवी लाईन (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), त्याच्याही बऱ्याच वरून, २५०-३०० किलोमीटरवरून, ६३०० ची लाल लाईन, अन् ७००० च्या पुढे गेलं की हायड्रॉक्सिल रेणूच्या लाईनींचा नुसता खच. जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या अंधाऱ्या जागेवरही आभाळ दर चौरस आर्कसेकंदाला २१.५ ते २२ मॅग्निट्यूडचं असते (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, अन् मॅग्निट्यूडचा आकडा जितका मोठा तितकी गोष्ट फिकट), त्याच्याहून काळं आभाळ जमिनीवरून मिळत नाही. आता तुझी गॅलेक्सी २० किंवा २२ मॅग्निट्यूडची, अन् तोही उजेड दोन-तीन आर्कसेकंदात पसरलेला. तं तुलना झाली बरोबरीची, नाहीतर हारीची.

मग करायचं काय, तं वजाबाकी. जिनिंगवर कापसाची गाडी कशी मोजतात तू पाहिलंच असशील, भरली गाडी काट्यावर, मग रिकामी गाडी काट्यावर, फरक म्हणजे कापूस. आपलं काम तेच आहे, फक्त इथं गाडी सहा क्विंटलची अन् कापूस एक क्विंटल, त्यामुळे रिकाम्या गाडीच्या वजनात एक टक्का इकडेतिकडे झालं की कापसात सहा टक्क्यांचा घोळ होते. अन् जिथं आभाळाची तेज लाईन येते तिथं तं गाडी शंभरपट जड होते. म्हणून मी नव्या पोरांना पहिले दिवसभर फक्त आभाळाचाच स्पेक्ट्रम पाहायला लावतो. गॅलेक्सी फिकट आहे हे रडगाणं नंतरचं, आभाळ ओळखीचं झालं नाही तं रेडशिफ्ट निघत नाही अन् निघाला तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

आता आकडे लाव, आकड्यांशिवाय हे डोक्यात बसत नाही. शून्य मॅग्निट्यूडच्या ताऱ्यापासून हिरव्या-पिवळ्या रंगात दर सेकंदाला, दर चौरस सेंटीमीटरवर, दर अँगस्ट्रॉमला साधारण १००० फोटॉन येतात. २० मॅग्निट्यूड म्हणजे त्याच्या १० कोटी पट कमी. २ मीटरच्या आरशाचं क्षेत्रफळ ३१ हजार चौरस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे दर सेकंदाला दर अँगस्ट्रॉमला ०.३ फोटॉन, पूर्ण एकही नाही. त्यातही हवा, आरसे, स्लिट म्हणजे उजेड आत घ्यायची अरुंद फट, ग्रिझम म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करणारी काच, अन् शेवटी सीसीडी म्हणजे उजेड मोजणारी चिप, सगळ्यांनी आपापला वाटा खाल्ला की हाती लागते पाचवा-सहावा हिस्सा. अर्ध्या तासाचं एक्स्पोजर दिलं तं गॅलेक्सीचे दर अँगस्ट्रॉमला शंभरेक इलेक्ट्रॉन. स्लिट २ आर्कसेकंद रुंद अन् उंचीतही २ घेतले तं ४ चौरस आर्कसेकंद आभाळ आत येते, ते २१.५ च्या हिशोबाने एकूण २० मॅग्निट्यूडचंच होते, म्हणजे आभाळाचेही शंभर. आता आभाळाचे शंभर तू वजा करशील, पण त्यांचा जो चढउतार आहे, नॉईज, तो वजा होत नाही, तो राहतोच. २०० चं वर्गमूळ १४, म्हणून सिग्नल-टू-नॉईज १०० भागिले १४, सात. चांगलं आहे, यात काम होते.

हेच २२ मॅग्निट्यूडला कर. गॅलेक्सीचे १६, आभाळाचे तेच १००, नॉईज जवळपास ११, गुणोत्तर दीड. सातवर न्यायचं तं वेळ वीसपटीच्या वर वाढवा लागते, कारण नॉईज वेळेच्या वर्गमूळाने वाढतो, म्हणजे ११ तास, एका रात्रीत बसतच नाही. ८ मीटरच्या दुर्बिणीला आरसा १६ पट मोठा, तिथं हेच काम पाऊणएक तासात. मोठ्या दुर्बिणीची गरज काहून पडते, ते या एका हिशोबात येते. अन् मी यात सीसीडी वाचतानाचा नॉईज धरलाच नाही, तो धरला की स्थिती अजून थोडी खराब होते.

पण आपल्या मदतीला येतात एमिशन लाईनी. ज्या गॅलेक्सीत नवे तारे जन्मून राहिले तिथं तापलेला वायू आपला उजेड मोजक्या तरंगलांबींवर ओततो. समज त्या २२ मॅग्निट्यूडच्या गॅलेक्सीची एक लाईन अशी आहे की तिच्यात आजूबाजूच्या ३० अँगस्ट्रॉम सपाट उजेडाइतका माल आहे. तं लाईनीचे ४८० इलेक्ट्रॉन, ते पडतात १० अँगस्ट्रॉमच्या आत, तेवढ्यात आभाळ हजार अन् गॅलेक्सीचा सपाट उजेड १६०, नॉईज ४० च्या आसपास. गुणोत्तर १२! सपाट भाग दीडवर रडत होता अन् लाईन बारावर उभी. म्हणून फिकट गॅलेक्सींमध्ये निळ्या, तरुण, तारे घडवणाऱ्या गॅलेक्सींचे रेडशिफ्ट लवकर मिळतात अन् म्हाताऱ्या लंबगोल गॅलेक्सींना वेळ लागते. त्यांच्यात असतात कॅल्शियमच्या एच अन् के या शोषण रेषा, ३९६८ अन् ३९३४ ला, अन् ४००० ची पायरी, म्हणजे तिच्या निळ्या बाजूला उजेड एकदम कमी होते. त्यांना एकेक लाईन पाहून जमत नाही, अख्खा स्पेक्ट्रम एखाद्या नमुना गॅलेक्सीच्या स्पेक्ट्रमवर सरकवून पाहतात की कुठं सगळ्यात चांगला जुळते. टोनरी अन् डेव्हिस यांनी १९७९ मध्ये ही क्रॉस-कोरिलेशनची पद्धत नीट मांडली. तरंगलांबीचा लॉगॅरिथम घेतला की रेडशिफ्ट म्हणजे नुसतं सरकणं होते, एवढीच त्यातली मुख्य गंमत.

एक गोष्ट इथं सांगाविशी वाटते. स्लायफरने १९१२ मध्ये देवयानी गॅलेक्सीचा वेग मोजला, ती आपल्याकडे सेकंदाला ३०० किलोमीटरने येऊन राहिली, तो ब्लूशिफ्ट होता. मग माउंट विल्सनवर हबलच्या सोबत ह्युमसन, शाळा लहानपणीच सुटलेला, खेचरांवर सामान लादून डोंगर चढवणारा माणूस, त्याने एकेका गॅलेक्सीसाठी कित्येक रात्री तीच प्लेट उघडून-झाकून एक्स्पोजर दिले. फोटोग्राफिक प्लेट शंभरातले एखाददोन फोटॉनच पकडते, चांगली सीसीडी नव्वदीपर्यंत जाते. पण माझ्या मते खरा फरक तो नाही. प्लेटचा काळेपणा उजेडाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे तिच्यावर आभाळाची वजाबाकी नीट करताच येत नव्हती. सीसीडी सरळ मोजते, दुप्पट उजेड तं दुप्पट आकडा, अन् त्यामुळे आभाळाच्या खाली गाडलेली गॅलेक्सी वर काढणं शक्य झालं.

आपल्या देशात हे काम करणारी यंत्रं आहेत बरं का. पुण्याच्या आयुकाची गिरावलीला २ मीटरची दुर्बीण, तिच्यावर आयफॉस्क, लडाखमध्ये हानलेला ४५०० मीटर उंचीवर २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण, तिच्यावर एचफॉस्क, ती तं बंगळुरूजवळच्या होसकोटेहून सॅटेलाइट लिंकवर चालवतात, अन् नैनितालकडे देवस्थळला ३.६ मीटरची, तिच्यावर एडीफॉस्क. फॉस्क म्हणजे फेंट ऑब्जेक्ट स्पेक्ट्रोग्राफ अँड कॅमेरा, एकाच यंत्रात कॅमेराही अन् स्पेक्ट्रोग्राफही. पहिले फोटो काढायचा, गॅलेक्सी शोधायची, मग मध्ये स्लिट अन् ग्रिझम सरकवायचे. गॅलेक्सी फोटोतही दिसत नसेल तं जवळचा तेज तारा स्लिटवर घ्यायचा अन् तिथून मोजून तेवढे आर्कसेकंद दुर्बीण सरकवायची, न दिसणाऱ्या गोष्टीवर नेम धरायची हीच रीत आहे. अन् स्लिट शक्यतो उभी, म्हणजे क्षितिजाला काटकोनात ठेवायची, नाहीतर वातावरण निळा अन् लाल उजेड वेगवेगळा वाकवते अन् निळा उजेड स्लिटच्या बाहेरच पडते.

कच्ची फ्रेम उघडली की काय दिसते ते सांगतो, कारण ते पुस्तकात क्वचितच असते. आडवी दिशा तरंगलांबीची, उभी दिशा स्लिटवरच्या जागेची. उभ्या पांढऱ्या रेघाच रेघा, त्या आभाळाच्या लाईनी, ५५७७ ची सगळ्यात ठसठशीत, अन् उजवीकडे लालात हायड्रॉक्सिलचं दाट कुंपण. जागोजागी कॉस्मिक रेचे, म्हणजे सीसीडीवर आदळणाऱ्या वेगवान कणांचे पांढरे ठिपके, एकदम टोकदार. या सगळ्यात आडवा एक पुसट धागा, डोळे बारीक केले तं दिसते, तीच गॅलेक्सी. अन् त्या धाग्यावर कुठंतरी एक छोटा फुगीर ठिपका. कॉस्मिक रे अन् लाईन यातला फरक असा, की लाईनीचा ठिपका स्लिटच्या प्रतिमेएवढा रुंद असतो अन् दुसऱ्या एक्स्पोजरमध्येही तिथंच राहतो, कॉस्मिक रे दुसऱ्या फ्रेममध्ये नसतो. म्हणून एक लांब एक्स्पोजर कधीच घेऊ नये, तीन-चार घ्यावे, अन् दरवेळी गॅलेक्सी स्लिटवर थोडी वरखाली सरकवावी. तशी सरकवली की एका फ्रेममध्ये जिथं गॅलेक्सी होती तिथं दुसऱ्या फ्रेममध्ये निव्वळ आभाळ असते, त्याच पिक्सेलवरचं आभाळ, अन् वजाबाकी लई साफ येते.

लालात जास्त सांभाळा लागते. पातळ सीसीडीच्या आत उजेड परतून परतून लाटा पाडतो, त्याला फ्रिंजिंग म्हणतात, अन् आभाळाच्या लाईनी एकावर एक. तिथं वजाबाकी कधीच पूर्ण साफ होत नाही, उरलेसुरले अवशेष लाईनीसारखेच दिसतात. नवीन माणूस बहुतेक तिथंच फसतो. माझा नियम सरळ आहे, लाईन आभाळाच्या लाईनीवर बसली असेल तं तिला साक्षीदार धरू नका. अन् ६८७० व ७६०० ला हवेतल्या ऑक्सिजनचे शोषणपट्टे आहेत, त्यांनाही गॅलेक्सीचं समजू नका.

आता तुझा स्पेक्ट्रम. तुझी तेज लाईन ६२१० ला आहे. एकट्या लाईनीवरून काही ठरत नाही हे पहिले लक्षात घे. ती हायड्रोजन अल्फा, म्हणजे हायड्रोजनची ६५६३ ची लाल लाईन असेल तं गॅलेक्सी आपल्याकडे प्रचंड वेगाने येऊन राहिली म्हणा लागेल, ते सोडून दे. ऑक्सिजनची ३७२७ ची जोडलाईन असेल तं रेडशिफ्ट ०.६६६. लायमन अल्फा, म्हणजे हायड्रोजनचीच १२१६ ची अतिनील लाईन असेल तं ४.१. अन् ऑक्सिजनची ५००७ असेल तं ०.२४. चार उत्तरं, एक लाईन. म्हणून तिच्या सोबतिणी शोधायच्या. ५००७ असेल तं डावीकडे ६१५१ च्या जवळ तिची बहीण पाहिजे, ४९५९ ची, अन् उंची बरोबर एकतृतीयांशाच्या आसपास, कारण ते गुणोत्तर अणूच्या आतूनच ठरलेलं आहे, गॅलेक्सी कोणतीही असो. अजून डावीकडे ६०३० ला हायड्रोजन बीटा, अन् पार निळ्यात ४६२३ ला ऑक्सिजनची जोडलाईन. तुझ्या स्पेक्ट्रममध्ये चारही आहेत. याउलट ०.६६६ असता तं ८३४४ ला दुसरी तेज लाईन दिसली असती अन् ६२१० ची लाईन थोडी पसरट, दोन लाईनी चिकटल्यासारखी असती. तशी नाही. तं ०.२४ पक्का.

मग ०.२४०३ काहून? तू भागाकार ५००६.८ ने केला, बरोबर? हा आकडा हवेतल्या तरंगलांबीचा आहे, बहुतेक पाठ्यपुस्तकात तोच असतो. एसडीएसएस मात्र आपले स्पेक्ट्रम निर्वाताच्या तरंगलांबीत देते, तिथं ही लाईन ५००८.२४ ला आहे. हवेचा अपवर्तनांक १.०००२८, त्यामुळे १.२४ ला १.०००२८ ने गुणलं की १.२४०३५ येते, एक वजा केला की बरोबर तुझं उत्तर. ६२१०.२ ला ५००८.२४ ने भाग अन् एक वजा कर, ०.२४०० येईल. तुझं मोजमाप चांगलं आहे, फक्त मोजपट्टी दुसरी होती. अन् हा फरक किरकोळ समजू नको, वेगात तो सेकंदाला ८० किलोमीटरच्या वर जाते, गॅलेक्सींच्या एखाद्या छोट्या समूहात कोण आत अन् कोण बाहेर हे ठरवताना एवढ्याने निकाल बदलतो. स्वतःचा डेटा घेशील तेव्हा आर्क लॅम्पने, म्हणजे माहीत असलेल्या लाईनींच्या दिव्याने, तरंगलांबी बसवल्यावर ५५७७ ची आभाळाची लाईन ५५७७.३ वरच येते का ते दरवेळी पाहायचं, दुर्बीण कलली की यंत्र किंचित वाकते अन् सगळा स्पेक्ट्रम सरकतो. ज्या आभाळाला आपण वजा करतो तेच इथं उपयोगी पडते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्याची दुरुस्तीही करायची, ती जास्तीत जास्त ३० किलोमीटर प्रतिसेकंद.

एसडीएसएसवाल्यांनी सुरुवातीला न्यू मेक्सिकोतल्या २.५ मीटर दुर्बिणीवर ॲल्युमिनियमच्या प्लेटला भोकं पाडून एकावेळी ६४० फायबर, म्हणजे उजेड स्पेक्ट्रोग्राफपर्यंत नेणाऱ्या काचेच्या तारा लावल्या, त्यातल्या काही मुद्दाम रिकाम्या आभाळावर. आता ॲरिझोनातल्या ४ मीटर दुर्बिणीवर डेझी (डीईएसआय) या यंत्राचे ५००० फायबर रोबोट हलवतात. पण फायबरला आभाळ बाजूचं नाही, दुसऱ्याच फायबरचं वजा करा लागते, म्हणून एकदम फिकट गॅलेक्सीला माझी पसंती अजूनही साध्या स्लिटलाच.

विश्वासाचंही सांगतो. आम्ही प्रत्येक रेडशिफ्टला दर्जा देतो, दोन-तीन लाईनी स्वच्छ असतील तं पक्का, एकच असेल तं संभाव्य, अन् फक्त रंगांवरून काढलेला असेल तं अंदाज. हे काहून महत्त्वाचं, तं जेम्स वेब दुर्बिणीच्या सुरुवातीच्या फोटोंत सीईईआरएस-९३३१६ नावाच्या गॅलेक्सीचा रेडशिफ्ट रंगांवरून १६ च्या आसपास निघाला होता, जगभर गाजला. मग २०२३ मध्ये त्याच दुर्बिणीच्या निरस्पेक या स्पेक्ट्रोग्राफने स्पेक्ट्रम घेतला अन् निघाला ४.९. धूळ अन् तेज लाईनींनी मिळून रंग असे काही बदलले होते की ती अतिदूरची भासली. लाईनी दिसल्या अन् वाद संपला.

शेवटी, तुझ्या प्रश्नात नव्हतं पण मनात असेलच, की हे गावावरून करता येते का. फिकट गॅलेक्सीचं नाही, पण एक रेडशिफ्ट नक्की येते. ३सी २७३ हा क्वेझार, म्हणजे दूरच्या गॅलेक्सीचं अतितेज केंद्र, कन्या राशीत, साधारण १३ मॅग्निट्यूडचा. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी याच्याच स्पेक्ट्रममध्ये हायड्रोजनच्या सरकलेल्या लाईनी ओळखल्या, रेडशिफ्ट ०.१५८. मार्च-एप्रिलमध्ये तो आपल्याकडे क्षितिजापासून जवळपास ७० अंश वर येतो. कॉलेजची ८ इंची दुर्बीण, कॅमेऱ्यापुढे मिलिमीटरला १०० रेघांचं ग्रेटिंग, अन् छोट्या छोट्या एक्स्पोजरची बेरीज करून तासभर उजेड गोळा करायचा. लाईनी ६० अँगस्ट्रॉमच्या वर रुंद आहेत म्हणून एवढ्या साध्या ग्रेटिंगवरही दिसतात. मोजपट्टी बसवायला आधी उत्तरा फाल्गुनीचा स्पेक्ट्रम घे, तिच्यात हायड्रोजनच्या शोषणरेषा ठळक आहेत. मग क्वेझारमध्ये बीटा ५६३० च्या, गॅमा ५०२५ च्या अन् डेल्टा ४७५० च्या आसपास शोध. अल्फाच्या भरवशावर राहू नको, ती नेमकी ७६०० च्या हवेच्या पट्ट्यात पडते.

स्लिट नसल्यामुळे आभाळाचा उजेड इथं जास्तच येईल. ग्रामपंचायतीच्या एलईडी दिव्यांचा फुगवटा ५५०० ते ६००० मध्ये असतो, म्हणजे बीटा लाईनीच्या खालीच, तवा गावापासून लांबचं वावर पाहा, चंद्र नसलेले दिवस धर, अन् मार्चमध्ये गव्हाचं काड जाळतात त्या धुराचे दिवस टाळ. नागपूरकडे सोय झाली तं पेंच आहे, २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क तोच झाला. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलीच ठेव, जेपीईजी नको, त्यात उजेड सरळ प्रमाणात राहत नाही अन् वजाबाकी बिघडते. क्वेझारच्या पट्टीच्या वरचं अन् खालचं आभाळ दोन्ही मोजून त्यांची सरासरी वजा कर. ०.१५५ ते ०.१६२ च्या मध्ये काहीही आलं तं मोजमाप बरोबर आहे असं धर.